चमच्यातला च

डंडीत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
टे नदीवरचा पूल अर्धाच दिसतो,
उरलेला धुक्यात आहे असं धरून चालायचं.
माझं कामही तसलंच.

पेशीत आरएनएची चिठ्ठी निघते
चार अक्षरांत लिहिलेली,
आणि कुणीतरी येऊन एखाद्या ए-वर
मिथिलचा एवढासा ठिपका ठेवून जातं.
अक्षर तेच.
पण चिठ्ठी किती दिवस जपायची, कधी फाडायची,
ते ठिपक्यावरून ठरतं म्हणे.

पूर्वी आम्ही चिठ्ठीची नक्कल करून वाचायचो.
नक्कल उतरवणारं विकर म्हणजे जुन्या कचेरीतला कारकून,
ओळ चुकणार नाही, शब्द गाळणार नाही,
ठिपक्याचा ए आला तरी समोर मुकाट टी मांडणार
आणि पुढच्या अक्षराला हात घालणार.
नक्कल चोख. ठिपका गेला.
मग ठिपका ओळखणारी प्रतिपिंडं आणली, महागातली.
त्यांनी ठिपका नसलेल्यांनाही मिठ्या मारल्या.

आता मूळ चिठ्ठीच ओवतो छिद्रातून.
छिद्र नॅनोमीटरभर, त्यातून वाहणारी वीज,
पाचेक अक्षरं एका वेळी दाटीवाटीनं आत
आणि पडद्यावर थरथरणारी रेघ.
रेघ जराशी खाली बसली, तर ठिपका?
की शेजारच्या अक्षराचा धक्का?
की छिद्रच चोंदलं?
यंत्राला विचारू नये.
त्याला ठिपके कुणी शिकवलेलेच नाहीत,
ते म्हणणार ए,
आणि तेही अडखळत.

मार्चपासून मी बाराशे एकेचाळिसाव्या अक्षरावर
मुक्काम ठोकला होता.
धाग्यामागून धागा, तिथे आला की रेघ वाकायची.
त्या जागेला मी मनात एक नावही दिलं होतं.
सांगणार नाही.

आज मर्डोनं कोऱ्या धाग्यांची फेरी उरकली,
परीक्षानळीत घडवलेले धागे,
ज्यांच्यावर ठिपका असायचं कारणच नाही.
बाराशे एकोणचाळीस. चाळीस.
एकेचाळीस.
रेघ वाकली.
तशीच. तितकीच.

मर्डो काही बोलला नाही.
ओटच्या बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकवला
आणि खिडकीबाहेर, नसलेल्या पुलाकडे बघत राहिला.

घरी शाल्मली पुस्तक घेऊन बसलेली.
वय सात, जन्म इथला, मराठी फक्त रविवारची.
'चमचा' तिनं चंद्रातल्या च-नं वाचला.
तसा नाही गं, म्हटलं, जीभ दातांना टेकव. चमचा.
तिनं पान दिव्याखाली धरलं,
अक्षराच्या वर पाहिलं, खाली पाहिलं,
बोटानं घासूनही पाहिलं.
"कुठे लिहिलंय?"

कुठेच नाही.
चमच्यातला च आणि चंद्रातला च
छापखान्यात एकाच खणातून उचलतात.
"मग तुला कसं कळतं?"
ऐकून ऐकून, मी म्हटलं.
शोधनिबंधात हे लिहायची सोय नाही.

दोन ओळी खाली शब्द आला: जग.
ती थांबली. "कुठला ज?
दुनियावाला, की मरू नकोवाला?"
आजूबाजूचे शब्द बघ, मी म्हटलं,
आणि म्हणता म्हणता लक्षात आलं,
आज मला फसवलं ते आजूबाजूच्यांनीच.

शब्द ओळीच्या टोकाला होता, पान उलटायचं बाकी होतं.
तिनं तो आधी एका ज-नं म्हटला, मग दुसऱ्या,
दोन्ही जिभेवर घोळवून पाहिले.
मग पेन्सिल घेतली आणि अक्षराच्या पोटाखाली
दिला एक बारीक ठिपका.

पुस्तक ग्लासगोच्या मंडळाचं, परत करायचंय.
खोडरबर समोरच होतं.
मी ते पुस्तक तसंच मिटलं.